पोटाची आठवण

१९६६ साल, डिसेंबर महिना. तुम्ही पेणच्या खारेपाटात, एका कौलारू घराच्या पडवीत उकिडवे बसला आहात. हा जिल्हा अजून कुलाबा आहे. रायगड हे नाव मिळायला १९८१ उजाडायचं आहे. झोडणी उरकली आहे. माजघरातली कणगी गळ्यापर्यंत भरली आहे, तिच्यावरचं शेणामातीचं लिंपण अजून पुरतं वाळलेलं नाही. आत आहे रात्याचं भात, खारी जमीन सोसणारं, लाल तांदळाचं. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला चिखलाचा वास आहे आणि घरातल्या वाऱ्याला सुकटीचा.

घरची म्हातारी थाळ्यात कणी घेऊन तिला तेल चोळते आहे. शेजारी कागदाच्या पुडीत काळपट राखाडी पूड आहे. बाजारातून आणलेलं औषध. पुडी उघडताच लसणासारखा उग्र दर्प येतो. ती पूड ती काडीने कालवते, हात लावत नाही, आणि नातवाला दाराबाहेर पिटाळते.

"आजी, उंदरांसाठी का?" तुम्ही विचारता.

ती डोळे मोठे करते. "नाव नको घेव, बाला. आयकतान ते."

औषध ठेवताना उंदराचं नाव घ्यायचं नाही, हा समज काही या एकाच घरातला नाही. आणि तो उगाच आलेला नाही. पहिल्या रात्री औषध ठेवलं की दोन-चार उंदीर मरून पडतात. दुसऱ्या रात्री तोच थाळा, तीच कणी, तीच पूड, पण सकाळी दाणा हललेला नसतो. मग माणसाने काय समजायचं? कोणीतरी बोललं असणार, त्यांनी ऐकलं असणार. आज रात्री जागून तुम्हाला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे.

कंदिलाची वात बारीक केली आहे. निजानीज झाल्यावर वाशावरून सरसर ऐकू येते. घरातला काळा उंदीर आहे, शेपूट अंगापेक्षा लांब. रोजच्या वाटेने तो खाली येतो आणि थाळा दिसताच थबकतो. काल इथे ही वस्तू नव्हती. तो जवळ जात नाही. भिंतीला अंग घासत वळसा घालतो, परततो, पुन्हा येतो. मग मागचे पाय जागेवरच रोवून पुढचं अंग ताणतो, इतकं की तो एरवीपेक्षा लांब दिसायला लागतो. मिशा थरथरत असतात. नाक कणीच्या वर दोन बोटं फिरतं. एक तुकडा उचलतो, मागे सरकतो, दोन्ही पुढच्या पायांत धरून कुरतडतो. आणखी एक. आणि मग खाणं सोडून निघून जातो. समोर थाळाभर अन्न असताना!

ही त्याची चैन नव्हे. उंदराला उलटी होत नाही. कुत्रं, मांजर, माणूस नको ते पोटात गेलं तर ओकून टाकतात. उंदराच्या शरीरात ती सोयच नाही. एकदा गिळलं ते गिळलं. त्यामुळे त्याचा सगळा बचाव गिळण्याआधी आहे: नव्या वस्तूची भीती, इवलासा घास, आणि नंतर पोट काय म्हणतं याची वाट पाहणं.

काही वेळाने पोट बोलतं. ती पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. जठरातल्या आम्लाशी गाठ पडताच तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. वाशांच्या खोपच्यात आपला उंदीर अंग आक्रसून पडतो. तुम्हाला तो दिसत नाही, पण कुठलीही हालचाल ऐकू येत नाही यावरून कळतं. ज्यांनी पोटभर खाल्लं ते उजाडेपर्यंत संपतील. याने दोनच तुकडे खाल्ले होते. हा वाचेल.

दोन रात्रींनंतर तुम्ही त्याला पुन्हा पाहता. जरा रोडावलेला, पण चालता-फिरता. म्हातारीने ताजी कणी ठेवली आहे. तो येतो, दोन बोटांवरून वास घेतो आणि वळतो. उगाच वळसा नाही, ताणणं नाही, विचार नाही. कणगीच्या मागे सांडलेले भाताचे दाणे मात्र तो निवांत सोलून खातो.

सकाळी म्हातारी थाळा पाहते. "नाय खायाचे ते आता. त्यांना कलला."

कळलं, हे खरं. पण कसं? थाळ्यापासून पोटातल्या कळेपर्यंत मध्ये बराच वेळ गेला होता. त्या वेळात तो वाशावरून धावला, त्याने मांजराची चाहूल घेतली, कंदिलाचा उजेड पाहिला, सुकटीचा वास घेतला, कौलांवरून घरंगळलेल्या फांदीचा आवाज ऐकला. एवढ्या सगळ्यांतून त्याने दोष नेमका कणीच्या चवीलाच का दिला? कंदिलाला का नाही? याचं उत्तर ज्याने शोधलं त्याच्याकडे जाण्यासाठी तुम्हाला समुद्र ओलांडायचा आहे आणि अकरा वर्षं मागे जायचं आहे.

१९५५. सॅन फ्रान्सिस्कोतली हंटर्स पॉइंटची गोदी. इथे अमेरिकेच्या नौदलाची किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. हिरोशिमाला दहा वर्षं झाली आहेत, अणुचाचण्या सुरूच आहेत, आणि किरणांचा जिवंत शरीरावर काय परिणाम होतो हे नौदलाला हवं आहे. उंदरांवर तासन् तास गॅमा किरण सोडले जातात. किरणांना रंग नाही, वास नाही, आवाज नाही.

तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस म्हणजे जॉन गार्सिया. स्पेनमधून आलेल्या शेतमजुरांचा मुलगा, वय अडतीस. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली आहे: किरणांच्या पेटीत ठेवलेले उंदीर दर खेपेला आधीपेक्षा कमी पाणी पितात. घरच्या पिंजऱ्यात परत नेलं की मात्र पितात. पाणी तेच आहे. मग फरक कशात आहे? तुम्हीच निरखून पाहा. घरच्या पिंजऱ्याला काचेची बाटली लावली आहे, किरणांच्या पेटीला प्लास्टिकची. प्लास्टिकमुळे पाण्याला किंचित चव येते. उंदीर आजारी पडले किरणांनी, पण त्यांनी दोष दिला प्लास्टिकच्या चवीला.

गार्सिया आणि त्याचे सहकारी मग मुद्दाम तसं करून पाहतात. सॅकरिन घातलेलं गोड पाणी उंदरांना फार आवडतं. ते प्यायला देऊन किरण सोडले, आणि पुढे गोड आणि साधं अशी दोन्ही पाणी समोर ठेवली. उंदीर गोड पाणी टाळायला लागले. तेही एकाच अनुभवातून. हा निबंध त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात आला.

आता अकरा वर्षं पुढे या, म्हणजे पुन्हा १९६६ मध्ये, म्हातारी खारेपाटात कणीला तेल चोळते आहे त्याच वर्षात. गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी एक प्रयोग मांडला आहे, आणि त्याच्यापाशी जरा थांबायला हवं, कारण या साऱ्या विषयाची किल्ली त्यात आहे. उंदीर नळीतून पाणी चाटतो. पाणी गोड आहे. शिवाय प्रत्येक वेळी जीभ नळीला लागली की दिवा लुकलुकतो आणि टकटक आवाज होतो. म्हणजे एकाच घोटात चव, उजेड आणि आवाज तिन्ही. यानंतर काही उंदरांना किरणांनी किंवा लिथियम क्लोराइडने आजारी पाडतात, तर काहींच्या पायांना विजेचा झटका देतात. मग तिन्ही गोष्टी वेगळ्या करून विचारतात: आता तू काय टाळशील?

ज्यांना झटका बसला त्यांनी दिवा आणि आवाजवालं पाणी टाळलं, पण गोड पाणी खुशाल प्यायलं. जे आजारी पडले त्यांनी गोड पाणी टाळलं. दिवा आणि आवाजाचं त्यांना काहीच वाटलं नाही.

नीट पाहा, इथे काय झालं आहे. कोणत्याही दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या की प्राणी त्यांची सांगड घालतो, घंटा आणि अन्न असो वा दिवा आणि झटका, असं तोवर मानत. आणि ती सांगड घालायला दोहोंत फार तर काही सेकंदांचं अंतर चालतं, हेही पक्कं मानत. गार्सियाने दोन्हीला धक्का दिला. कातडीला झालेल्या दुखण्याचं कारण उंदीर डोळ्यांनी आणि कानांनी शोधतो. पोटातल्या दुखण्याचं कारण तो जिभेवर शोधतो. जन्मतःच तो तसा घडलेला आहे. आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात चव आणि आजारपण यांत तासाभराहून जास्त अंतर ठेवलं, तरी उंदराने चव लक्षात ठेवलेली होती. पुढे इतरांनी हे अंतर कित्येक तासांपर्यंत नेलं.

मोठ्या नियतकालिकांनी त्याचे हे निबंध परत पाठवले. जाणकारांना ते अशक्यच वाटलं. खारेपाटातल्या कोणत्याही म्हातारीला ते अशक्य वाटलं नसतं. मला वाटतं, गार्सियाचा मोठेपणा इथेच आहे: उंदराने दाखवलेलं त्याने खरं मानलं आणि पुस्तकाला प्रश्न विचारला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं.

आता पुन्हा वाशांच्या खोपच्यात, त्या आक्रसलेल्या उंदराजवळ चला, पण या वेळी त्याच्या डोक्याच्या आत. जिभेवरून आलेली चवीची बातमी मेंदूच्या देठाशी एका ठिकाणी पोचते. आतड्यांकडून येणारा मोठा मज्जातंतूही तिथेच येऊन मिळतो. आणि शेजारीच मेंदूचा एक भाग रक्तातलं विष हुंगत बसलेला असतो. चव आणि पोट यांचा असा सख्खा शेजार आहे. डोळ्यांची आणि कानांची बातमी वेगळ्या वाटेने जाते. म्हणून कंदील सुटला आणि कणी सापडली.

यात विचाराचा भाग किती? फारसा नाही. १९७२ मध्ये रोल आणि स्मिथ यांनी उंदरांना गोड पाणी पाजलं, नंतर भूल देऊन बेशुद्ध केलं आणि बेशुद्धीतच आजारी पाडलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी गोड पाणी टाळलं. आजारपण त्यांनी अनुभवलंच नव्हतं, तरी पोटाने नोंद केली होती. आणखी एक: रोजच्या, ओळखीच्या चवीवर दोष सहसा येत नाही, तो येतो नव्या चवीवर. म्हणूनच आपला उंदीर तेलातली कणी टाळून भात मात्र निवांत खात होता. भाताने त्याला आजवर कधी दगा दिला नव्हता.

काही वर्षं पुढे या. खारेपाटातल्या त्याच घराच्या ओटीवर ग्रामसेवक बसला आहे. सांगतो, पहिले दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली कणी ठेवा, बिनविषाची. त्यांना खाऊ द्या, भीड चेपू द्या. मग एके रात्री त्याच कणीत औषध घाला, आणि उरलेलं सकाळी उचलून पुरून टाका. म्हातारीला हे पटत नाही. आपल्या हाताने उंदराला जेवण घालायचं? पण ती करून पाहते, आणि सकाळी एवढे उंदीर पडलेले असतात की तिची सून टोपली मागते.

यात काय साधलं? बिनविषाच्या रात्रींनी कणी ओळखीची झाली. ओळखीची झाली म्हणून उंदीर कुरतडून न थांबता पोटभर जेवले, आणि आजारपणातून वाचून पुढच्या वेळी ती टाळायला कोणी उरलं नाही. ही युक्ती महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कोठारं वाचवताना पक्की झाली होती. नंतर आली ती रक्त गोठू न देणारी औषधं: १९४८ नंतर वॉरफॅरिन, पुढे आपल्याकडे घराघरांत पोचलेलं ब्रोमॅडिओलोन. त्यांनी उंदीर मरायला काही दिवस लागतात. आज खाल्लं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अशक्तपणा आला, तर मधल्या सगळ्या जेवणांतून दोषी कोणतं हे पोटालाही सांगता येत नाही. म्हणून उंदीर औषधाच्या त्याच वड्या पुन्हा पुन्हा खातात. म्हातारीच्या नातसुनेला नाव न घेण्याचा नियम पाळावा लागला नाही.

खारेपाटात ही साधी घरगुती कटकट नाही. ओटीवरून उठून बांधावर या. उजवीकडे खाडी, डावीकडे शेत, मध्ये हा मातीचा बांध आणि त्यातली पाणी सोडायची उघाडी. घुशी आणि खेकडे बांध पोखरतात. एका बिळातून उधाणाचं पाणी झिरपायला लागलं की पाहता पाहता खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं आणि ते मीठ जमिनीतून निघायला कित्येक पावसाळे जातात. इथल्या माणसाने उंदीर-घुशींची रीत बारकाईने पाहिली ती कुतूहलापोटी नव्हे, पोटापाण्यासाठी.

बांधाच्या कडेला रुई माजली आहे. तिच्यावर नारिंगी पंखांचं एक फुलपाखरू संथ उडतं आहे, पंखांच्या टोकांना काळा रंग आणि त्यात पांढरे ठिपके. प्लेन टायगर म्हणतात त्याला. त्याची अळी रुईची पानं खाऊन वाढते आणि रुईच्या चिकातली कडू द्रव्यं अंगात बाळगते. त्याला लपायची गरज वाटत नाही, घाईही नाही. कारण इथे शिकणारा उंदीर नसून पक्षी आहे.

याचा पुरावा अमेरिकेत लिंकन ब्राउअरने १९६० च्या दशकात दाखवला, याच फुलपाखराच्या नातलगावर, मोनार्कवर. विषारी चिकाच्या झाडावर वाढलेलं मोनार्क निळ्या जे पक्ष्याला खायला दिलं. पक्ष्याने गिळलं, थोड्या वेळाने पिसं फुलवली आणि ओकला. त्यानंतर मोनार्क नुसतं दिसलं तरी तो चोच लावेना. मग १९७१ मध्ये विलकॉक्सन आणि सहकाऱ्यांनी लावे आणि उंदीर यांना आंबट, शिवाय निळं केलेलं पाणी पाजून आजारी पाडलं. पुढे उंदरांनी आंबट टाळलं, लाव्यांनी मुख्यतः निळं. उंदीर रात्री नाकाने आणि जिभेने अन्न शोधतो; पक्षी दिवसाउजेडी डोळ्यांनी दाणा टिपतो आणि न चावता गिळतो. ज्याने जे इंद्रिय पोट भरायला वापरलं, त्याने तेच दोष शोधायलाही वापरलं. आणि याच धड्यावर दुसरं एक फुलपाखरू जगतं: डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. रुईशी तिचा संबंध नाही, अंगात विष नाही. पक्ष्याच्या पोटाने एकदा धडा घेतला, त्याच्या आडोशाने ती निर्धास्त फिरते.

आता रोह्याला चला. कुंडलिकेच्या काठावर, डोंगराच्या उतारावर शेळ्या चरताहेत. करडू आईच्या तोंडाशी तोंड लावून ती खाते तेच खातं, आणि नवं पान दिसलं तर चिमूटभर तोडून पुढे सरकतं. घाणेरीच्या जाळीशी येऊन ते वळतं. घाणेरी खाल्लेल्या गुराची कावीळ रोह्याच्या गुराख्याला माहीत असते, आणि तिला तोंड घालणारं जनावर बहुधा उपाशी तरी असतं नाहीतर मुलखात नवं. बाजारातून परक्या भागातली गुरं आणली तर पहिले दिवस त्यांच्यावर डोळा ठेवावा लागतो, तो यासाठी.

इथवर सगळं चवीचं आणि रंगाचं झालं. जागेचं काय? आजारपण जिथे आलं ती खोली, तो वास, तो रस्ता, शरीर लक्षात ठेवतं का?

गार्सियाच्या उंदरांना दिव्याचं काही वाटलं नव्हतं. पण म्हणून परिसर सुटतो असं नाही. चव एका फटक्यात मनात बसते. जागा बसायला तेच तेच पुन्हा घडावं लागतं, आणि जागेला स्वतःचा ठळक वास असेल तर ती लवकर बसते. हे ज्या प्राण्याने स्पष्ट दाखवलं तो रोह्यातल्या मोरीतही आहे. रात्री मोरीपाशी थांबा. भिंतीच्या कडेने चिकचिक करत जाते ती चिचुंद्री. तिला उंदरात मोजतात, पण ती उंदीर नाही. कीटक खाणारी, वेगळ्याच कुळातली. आणि तिला उलटी होते. मळमळ आणि उलटीवरच्या औषधांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत म्हणूनच चिचुंद्रीला मान आहे. कॅनडात लिंडा पार्कर यांनी चिचुंद्रींना एका ठरावीक पेटीत ठेवून लिथियमने आजारी पाडलं. असं काही वेळा केल्यावर त्यांना औषध न देता नुसतं त्या पेटीत ठेवलं. त्यांना उमासे यायला लागले. पोटात काहीच नव्हतं. फक्त पेटी होती. उंदीर अशाच पेटीत ठेवला तर तो ओकू शकत नाही, पण जबडा मोठा वासतो, ओकणारा प्राणी वासतो तसा.

आता तुम्ही आजच्या दिवसात आहात. रोहा स्टेशनवर पहाटेचा गारवा आहे. तुम्ही मावशीबरोबर निघाला आहात. खारघरला, टाटाच्या केंद्रात, तिची केमोथेरपी सुरू आहे. गाडी नागोठणं सोडते, कासू जातं, पेण येतं. मावशी बोलते आहे, भाताच्या भावाचं, शेजारच्या लग्नाचं. हमरापूर, जिते, आपटा. आपट्यानंतर ती गप्प होते. पनवेल जवळ येतं तशी पदर तोंडाला लावते.

"मला आत्ताच मळमळतंय रे. अजून सुईसुद्धा लागली नाहीये."

समोर बसलेले काका म्हणतात, "मनाचे खेळ आहेत. दुसरा विचार कर."

काकांचा हेतू चांगला आहे, पण मावशी मनाने काहीच करत नाही आहे. पनवेलची गर्दी, रिक्षाचा धक्का, दवाखान्याच्या दारातला जंतुनाशकाचा वास, हे सगळं प्रत्येक खेपेला त्या औषधाच्या आधी आलं आहे. चिचुंद्रीला पेटी जशी कळली तसा तिच्या शरीराला हा रस्ता कळला आहे. डॉक्टर याला अपेक्षेने येणारी मळमळ म्हणतात. ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधं १९९० च्या सुमारास आली, त्याआधी हा त्रास फार जणांना होई. ही औषधं उलटी चांगली रोखतात. पण रस्त्याची ही मळमळ एकदा शिकून झाली की तिच्यावर फारशी चालत नाहीत. म्हणून उलटी पहिल्या खेपेपासूनच आवरायची असते, शरीराला रस्ता शिकायला काही मिळूच नये इतकी.

आणि जेवणाचं? मावशीने पहिल्या केमोच्या आदल्या रात्री आवडीचं कोळंबीचं कालवण खाल्लं होतं. आता तिला त्याचा वासही नको आहे. घरचे म्हणतात, नखरे करते. तिला हेही ठाऊक आहे की त्रास औषधाने झाला, कालवणाने नाही. ठाऊक असून उपयोग होत नाही. बेशुद्ध उंदराने नोंद केली होती, तिथे समजूत घालायची कोणाची?

१९७८ मध्ये सिॲटलमध्ये आयलीन बर्नस्टाइन यांनी केमो घेणाऱ्या मुलांना औषधाच्या आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच देऊ केलं, तेव्हा पाचातल्या एखाद्यानेच ते घेतलं. ज्यांना आइस्क्रीम मिळालं होतं पण तसं औषध मिळालं नव्हतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी आनंदाने घेतलं. आजारपणाची बाब असूनही या प्रयोगात मला दिलासा दिसतो, कारण त्यातून उपाय निघाला. १९८७ मध्ये त्यांनी आणि ब्रोबर्ग यांनी मुलांना जेवण आणि केमो यांच्या मध्ये एक वेगळ्याच चवीची गोळी चघळायला दिली. पोटाने दोष त्या गोळीवर ठेवला, आणि नेहमीचं जेवण बरंच वाचलं. नव्या चवीवर दोष येतो हा उंदराचाच नियम, पण आता तो माणसाच्या कामी आला.

म्हणून तुमच्या घरी कोणी हे उपचार घेत असेल, तर केमोच्या दिवशी आणि आदल्या रात्री त्याच्या आवडीचा पदार्थ करू नका. प्रेमाने केलेलं ते जेवण त्याला पुढे कित्येक महिने नकोसं होऊ शकतं. त्या दिवशी साधं, रोजचं, थोडं खाऊ द्या. डॉक्टरांना विचारून मध्ये एखादी अनोळखी चवीची गोळी द्या, जी पुढे नको वाटली तरी चालेल. पहिल्याच खेपेला उलटी झाली तर ते डॉक्टरांना पहिल्याच खेपेला सांगा, पुढच्या वेळी बघू म्हणू नका. आणि पनवेलच्या अलीकडे कोणी पदर तोंडाला लावला, तर मनाचे खेळ म्हणू नका; खिडकीची जागा द्या, आणि जमलं तर पुढच्या खेपेला वेगळ्या रस्त्याने न्या.